आज्जीची शिवराई कोणती?

लिहून काढताना माझे 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे उडवलेत, पण सगळे नाही. थोडं चालवून घ्या.

आजचा विषय नाणी. पण लिलावात लाखोंना जाणारी नाणी नाहीत. आज आपण बोलणार आहोत अगदी स्वस्त नाण्याबद्दल, ज्याला नाण्यांच्या प्रदर्शनात कुणी हातही लावत नाही. आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर गावभागाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे तळमजला पूर्ण पाण्यात. पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल. फोटोंचे अल्बम, बाबांच्या शाळेचे दाखले, आज्जीची पोथी, सगळ्याचा लगदा झाला होता. देवघराखालच्या कप्प्यातून एक पितळी डबा निघाला. झाकण घट्ट बसलं होतं, दगडानं ठोकून उघडलं. आत चिखलाचं पाणी आणि ४३ नाणी.

डबा आज्जीचा. आज्जी साताऱ्याची, लग्न होऊन सांगलीला आली तेव्हा हा डबा तिच्याबरोबर आला. ती २०१७ ला गेली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती त्यातली पाच नाणी ताम्हणात काढायची आणि मला सांगायची, "ह्यो शिवराईचा पैसा हाय, त्याला पाय लावू नगंस." मी लहान होतो, मला चॉकलेटच्या सोनेरी नाण्यांत जास्त रस होता.

त्या ४३ पैकी ३८ शिवराया होत्या. बाकीच्यांत व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा, जॉर्जचे पैसे आणि एक भोकाचा पैसा. काका म्हणाले, "अरे, तांब्या-पितळेची भांडी मोडीत चाललीच आहेत, त्यातच घाल हे पण. किलोवर जाईल." मी म्हटलं, थांबा काका. इतिहासाची आवड होती म्हणून नाही हो, मला वाटलं चांगले पैसे येतील म्हणून!

कारण तेव्हा तुमच्यासारखेच मीही ते व्हिडिओ पाहिले होते. 'वैष्णोदेवीचं नाणं असेल तर दहा लाख मिळवा.' 'ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट विका.' हे सगळं बकवास आहे, एकदा स्पष्ट सांगून टाकतो. वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ साली निघाली आणि ती आजही चलनातली साधी नाणी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी 'फी' मागणाऱ्या लोकांबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा द्यावा लागला होता.

तर मी नाणी घेऊन पुण्यातल्या एका प्रदर्शनात गेलो. विक्रेत्यानं डबा उघडला, बोटानं दोन-चार नाणी सरकवली आणि डबा माझ्याकडे ढकलला. "शिवराई होय? पोत्यानं येते आमच्याकडे. १९३९ चा रुपया असला तर बोला."

हा १९३९ चा रुपया म्हणजे सहाव्या जॉर्जचा. त्या सालचे रुपये फार कमी सापडतात म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात. या छंदाची एक उतरंड आहे. वर सोनं, मग दुर्मिळ सालं, मग न वापरलेली चकचकीत नाणी, आणि सगळ्यात खाली झिजलेलं, ठेचलेलं, शेकड्यानं मिळणारं तांबं. त्या दिवशी मी ती उतरंड मुकाट मान्य केली. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की शिवराई म्हणजे भंगार.

आणि भंगार म्हटल्यावर माणूस वस्तूशी जसं वागतो तसा मी वागलो. घरी येऊन सगळी नाणी चिंच आणि मीठ लावून घासली, तांब्याचा हंडा घासतात तशी. दोनशे वर्षांचा काळसर थर अर्ध्या तासात धुऊन टाकला. पुढे जत्रेत, जुन्या बाजारात कुठे साठ, कुठे शंभर रुपयांना शिवराया दिसल्या की घेत गेलो आणि त्याच प्लास्टिकच्या डब्यात टाकत गेलो. वर्षभरात ९० च्या वर झाल्या. मग एका दिवाळीला आई म्हणाली, "आज्जीच्या नाण्यांतली पाच काढ रे ताम्हणात."

मी डबा उघडला. यातली आज्जीची कोणती? मला सांगता येईना.

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी शिवराई म्हणजे नेमकं काय ते वाचायला लागलो. आता थोडा इतिहास.

६ जून १६७४. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सुमारास दोन नाणी निघाली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. दोन्हींवर एकच मजकूर. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. अक्षरं देवनागरी, कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ. होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमची, म्हणजे हातात घेतली की जाणवेल अशी.

अस्सल होन आज फार थोडे उरलेत. ते दिसले की आपण हात जोडतो, बरोबरच आहे. पण मला सांगा, १६७४ मध्ये होन कुणाच्या हातात होता? खजिन्यात, सरदारांकडे, सावकारांकडे, दानधर्मात. साताऱ्याच्या बाजारात मिठाचा खडा घेणाऱ्या बाईच्या कनवटीला होन नव्हता. तिच्याकडे असलीच तर शिवराई होती.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. तहाच्या बोलण्यांत इंग्रजांनी एक कलम मागितलं, की आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत. महाराजांकडून आलेल्या उत्तराचा आशय असा होता, की आम्ही कुणाचंही नाणं अडवत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घेण्याची तिच्यावर सक्तीही करणार नाही. म्हणजे नाणं चालतं कुणामुळे? ते स्वीकारणाऱ्या माणसामुळे. हे ज्या राज्याला कळलं होतं, त्याच राज्याचं तांब्याचं नाणं पुढे दोनशे वर्षांहून जास्त चाललं.

हो, दोनशे वर्षं! महाराजांनंतरही शिवराई पडतच राहिली. १७०८ मध्ये साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, गादी साताऱ्यात आली, कारभार पेशव्यांकडे गेला, पण शिवराईवरचा मजकूर तोच. टांकसाळी सगळ्या सरकारी नव्हत्या. सोनार-सावकारांना ठरावीक वर्षांसाठी परवाने दिले जात. कारागीर वेगळे, गावं वेगळी, त्यामुळे अक्षरंही वेगळी. म्हणून 'शिव' कुठे 'शीव' होतो, कुठे 'सिव', आणि 'पति' कुठे 'पती' होतो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवलं, १८३९ मध्ये त्यांनाच काढलं आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा केलं. तरी बाजारात शिवराई होतीच. साधारण १८२० ते १८३० च्या काळात इंग्रजी अमलाखालीही शिवराई पाडली गेली. तिच्या मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असतात, म्हणून तिला दुदांडी म्हणतात. १८३५ पासून कंपनीचा एकसारखा रुपया आणि पाव आणा सगळीकडे सुरू झाला, तरीही एकोणिसावं शतक संपत येईपर्यंत लोक शिवराई वापरत होते. सातारचं राज्य गेलं, पण लोकांच्या मुठीतलं 'छत्रपति' गेलं नाही.

यातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट आता सांगतो. मराठ्यांच्या टांकसाळींतले चांदीचे रुपये बघा. बहुतेकांवर फारसी मजकूर आहे आणि नाव आहे मुघल बादशहाचं, शाह आलमचं वगैरे. कारण व्यवहाराचं होतं. हिंदुस्थानभर सराफ त्याच रुपयाला ओळखत, अनोळखी रुपयावर बट्टा कापत. म्हणून अटकेपर्यंत धडक मारणाऱ्यांच्या रुपयावरही दिल्लीचं नाव. आणि शिवाजी महाराजांचं नाव, आपल्या लिपीत, पिढ्यान्‌पिढ्या कशावर राहिलं? सगळ्यात हलक्या नाण्यावर. ज्याला आज आपण 'पोत्यानं येते' म्हणतो त्याच्यावर.

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना मिळालेलं ते सावकारी भाषेतलं पत्र तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, असा त्याचा अर्थ. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे साधी माणसं. खुर्दा हा शब्द मुळात सुट्ट्या तांब्याच्या नाण्यांचा. मोती मोजले गेले, मोहरा मोजल्या गेल्या, पण खुर्दा मोजायची पद्धत नव्हती. आजही नाणी जमवताना आपण तेच करतो.

पण एका माणसानं खुर्दा मोजला होता.

अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट. हेच ॲबट पुढे एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांच्यावरच्या इंग्रजी पुस्तकांसाठी ओळखले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, शिवराई बाजारातून नाहीशी व्हायच्या बेतात असताना, त्यांनी त्या गोळा केल्या. किती? सुमारे २५,०००. आणि एकेक वाचून त्यांनी त्यांतल्या अक्षरांचे जवळपास १५० वेगवेगळे प्रकार नोंदवले. त्यांचा अभ्यास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आला.

मी हे वाचलं तेव्हा माझ्यातला इंजिनिअर उठून बसला. २५,००० सॅम्पल! दुर्मिळ नाणं एक असतं. ते कितीही सुंदर असलं तरी त्याची तुलना कशाशी करणार? एका नाण्यावर 'सिव' दिसलं तर ती कारागिराची चूक की त्या टांकसाळीची सवय, हे कळायला शेकडो नाणी लागतात. स्वस्त आणि भरपूर असणं हा शिवराईचा दोष नाही. तेवढ्यामुळेच तिच्याकडून काही शिकता येतं.

एक उदाहरण देतो. शिवराई हातानं पाडलेली असते. खाली एक ठसा, मध्ये तांब्याची चकती, वर दुसरा ठसा, आणि हातोड्याचा घाव. पुष्कळदा ठसा चकतीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर मावतच नाही. कुठे 'श्री' कापली जाते, कुठे 'शिव' अर्धं राहतं. पण एकाच ठशातून निघालेली दहा-बारा नाणी शेजारी ठेवली, तर प्रत्येकावर ठशाचा वेगळा तुकडा सापडतो. मोबाइलवर पॅनोरमा काढताना फोन जसे फोटो जोडतो, तसे हे तुकडे जोडले की मूळ ठसा डोळ्यांसमोर उभा राहतो. एका नाण्यात हे शक्य नाही, ढिगात शक्य आहे. आणि तो ढीग कुठून आला, कुठल्या गावातून, कुणाच्या घरातून, हे माहीत असेल तर कोणती अक्षरं कुठल्या भागात चालत होती याचा नकाशा तयार होऊ शकतो.

आता कळलं मी काय केलं होतं ते? साताऱ्याहून सांगलीला आलेला, एका घरात टिकलेला ३८ नाण्यांचा एक गट माझ्याकडे होता. मी तो कुठून कुठून आणलेल्या नाण्यांत मिसळून टाकला. एकेका नाण्याची बाजारातली किंमत तीच राहिली, साठ ते शंभर रुपये. पण त्या ३८ जणी एकत्र मिळून जे सांगू शकल्या असत्या, ते मी पुसलं. वर घासून काढल्या, त्यामुळे रंगावरून ओळखायची सोयही गेली.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. मी पण रांगेत उभा होतो. काचेसमोर मिनिटभर मिळालं, अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण रांगेत खिशातल्या शिवराईवरून अंगठा फिरवताना एक विचार आला. जी वस्तू एकच आहे तिच्यासाठी काच, पहारा, विमानप्रवास. आणि जी वस्तू घराघरात आहे ती मोडीत. लाखो असलेल्या गोष्टी संपतात कशा? अशाच. सगळ्यांना वाटतं, एवढ्या तर आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमच्याकडची शिवराई बहुतेक महाराजांच्या हयातीतली नसेल. विक्रेते सरसकट 'शिवकालीन' अशी चिठ्ठी लावतात, तिच्यावर विश्वास ठेवू नका. आज सापडणाऱ्या बहुसंख्य शिवराया नंतरच्या, मुख्यतः पेशवेकाळातल्या. पण यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? महाराज गेल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांनी कुठल्याशा गावातला एक सोनार, ज्याला कदाचित धड लिहिता येत नव्हतं, तो चुकतमाकत का होईना पण 'श्री राजा शिव' कोरत होता. मला तर ते जास्त मोलाचं वाटतं.

आता माझ्या डब्याचं पुढे काय झालं ते. गेल्या वर्षी आत्या जुना फोन बदलत होती. फोटो काढून घ्यायला मी बसलो, तर त्यात पुराच्या आठवड्यातला एक व्हॉट्सॲप फोटो सापडला. मीच पाठवलेला. 'आत्या, आज्जीचा डबा सापडला.' वर्तमानपत्रावर पसरलेली, चिखल लागलेली नाणी. फोटो धुरकट, कोपरा कापलेला, बरीच नाणी एकमेकांवर पडलेली. पण दहा-बारा सुटी दिसत होती.

हातानं कापलेली चकती कधीच नीट गोल नसते. एकीला चोच असते, एकीला चीर, एकीची कड चपटी. मी ९० च्या वर नाण्यांचे फोटो काढले, बाह्यरेषा मोठ्या करून त्या जुन्या फोटोशी ताडून पाहिल्या. थोडा कोड लिहिला, पण खरं सांगतो, शेवटी डोळ्यांनीच काम झालं. तीन रविवार गेले. सहा नाणी खात्रीनं जुळली. ३८ पैकी सहा.

त्यातल्या एका नाण्यावर 'श्री' पूर्ण कापली गेली आहे आणि 'सिव' असं लिहिलंय. प्रदर्शनातल्या त्या विक्रेत्यानं बोटानं बाजूला सारलेल्यांत हेही असणार.

या दिवाळीला त्यातली पाच ताम्हणात गेली. आई म्हणाली, "सहावं?" मी म्हटलं, ते वजन करायला काढलंय. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. आज्जी-आजोबांच्या घरी जुना डबा असेल तर उघडा. शिवराई असेल, पाव आणा असेल, १९५७ नंतरचा नवा पैसा असेल, किंवा ३० जून २०११ ला बंद झालेले आपले चार आणे असतील. नाणं घासू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा. सोनाराकडे किंवा घरच्या छोट्या काट्यावर वजन करा. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा, हे कुणाकडून आलं, कुठल्या गावातून, कोणत्या साली. आज्जी हयात असेल तर तिलाच विचारा, फोनमध्ये रेकॉर्ड करा. ती म्हणेल, "आरं त्यात काय एवढं?" तरी विचारा. आणि परदेशात असलेल्या मित्रांनो, एक लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते सहज बॅगेत टाकून देशाबाहेर नेता येत नाही.

माझ्या कपाटात आता सहा पाकिटं आहेत. त्यांच्यावर लिहिलंय, 'आज्जी. सातारा, मग सांगली. २०१९ च्या पुरातून.' शेजारी एक मोठं पाकीट आहे, बाकीच्या सगळ्यांचं. त्यात आज्जीच्या उरलेल्या ३२ पण आहेत, हे मला माहीत आहे. कोणत्या ते माहीत नाही. त्या पाकिटावर मी अजून काहीच लिहिलेलं नाही.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या डब्यात काय निघालं ते नक्की कळवा. किंमत विचारू नका मात्र, गाव सांगा.